एका पानाचे मालक किती? फॅन विकी, कॉपीराइट आणि मांडणी

आवडत्या मालिकेतल्या एखाद्या पात्राचं नाव गूगलवर टाकलं की पहिल्या दोन-चार निकालांत हमखास त्या मालिकेचा फॅन विकी, म्हणजे चाहत्यांनी मिळून लिहिलेला कोश, असतो. पान उघडलं की उजवीकडे एक चौकट दिसते. तिच्यात पात्राचा फोटो, त्याखाली नातेवाईक, पहिला भाग, शेवटचा भाग, भूमिका करणाऱ्याचं नाव. डावीकडे पात्राची सगळी कहाणी. मध्येच एखादा गाजलेला संवाद मोठ्या अक्षरांत. खाली चित्रांची गॅलरी. डोक्यावर विकीचा लोगो, आणि अगदी तळाशी, सहसा कुणी वाचत नाही अशा बारीक अक्षरांत, परवान्याची एक ओळ.

हे पान कुणाच्या मालकीचं?

फोटो मालिकेच्या निर्मात्याचा. संवादही बहुधा त्याचाच, किंवा करार जसा झाला असेल तसा लेखकाचा. कहाणी सांगणारे शब्द विकीच्या संपादकांचे, पण ज्या कहाणीबद्दल ते सांगतात ती त्यांची नाही. चौकट ज्या साच्यातून येते तो साचा कुणीतरी हौसेने, रात्री जागून लिहिलेला. वरची पट्टी आणि जाहिरातींच्या जागा, विकी ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे तिच्या. आणि या सगळ्याच्या बुडाशी चालणारं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर कुणीही वापरावं म्हणून मोकळं ठेवलेलं, विकिपीडिया चालतो तेच. एवढे सगळे मालक एकाच पानात मांडीला मांडी लावून बसलेले असतात.

मी आणि माझे तीन मित्र एका मराठी मालिकेचा छोटा विकी चालवतो. सुरू केला तेव्हा भागांचे सारांश वाहिनीने दिलेलेच जसेच्या तसे चिकटवले होते, आणि प्रत्येक पात्राच्या पानाखाली तीस-चाळीस स्क्रीनशॉट. नोटीस वगैरे कधी आली नाही. पण पुढे विकी दुसऱ्या ठिकाणी हलवायची वेळ आली, तेव्हा यातलं आपलं काय आणि बरोबर काय नेता येईल, हे चौघांपैकी कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे. मी वकील नाही. नोटीस आली असेल तर वकीलच गाठा. पण रोजच्या संपादनासाठी जेवढं कळायला हवं तेवढं कळण्यासारखं आहे, आणि ते मराठीत कुणी नीट सांगत नाही म्हणून हा लेख.

पायाची गोष्ट आधी. कॉपीराइट, म्हणजे मराठी विकिपीडियावर ज्याला प्रताधिकार म्हणतात तो, कल्पनेवर नसतो. कल्पना ज्या शब्दांत, चित्रांत, दृश्यांत मांडली त्या मांडणीवर असतो. आपल्याकडे हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्वच्छ सांगितलं. आपल्या नाटकावरून चित्रपट उचलला, असा या नाटककाराचा दावा होता. न्यायालय म्हणालं की विषय, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कुणाची मालकी नाही. मांडणीची नक्कल झाली का, एवढंच पाहायचं. आनंद तो खटला हरले.

हे वाचून फॅन विकीवाला खूश होतो. आपण तर फक्त माहिती देतो, माहितीवर कुठे कॉपीराइट असतो? पण इथेच पाय घसरतो.

पुणे मुंबईपासून साधारण दीडशे किलोमीटरवर आहे, ही माहिती. ती कुणाची नाही. अमुक मालिकेतल्या नायिकेच्या आजीचं माहेर तमुक गावचं, हे वाक्यही दिसायला तसंच. पण ते गाव, ती आजी आणि तिचं माहेर कुणीतरी बसून रचलेलं आहे. अमेरिकेत १९९८ साली न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयात हाच प्रश्न आला होता. 'साइनफेल्ड' या विनोदी मालिकेवर ६४३ प्रश्नांचं एक प्रश्नमंजूषेचं पुस्तक निघालं होतं. प्रकाशकाचं म्हणणं, आम्ही फक्त मालिकेतल्या तथ्यांवर प्रश्न विचारले. न्यायालयाने ते मानलं नाही. काल्पनिक जगातली तथ्यं ही खरी तथ्यं नव्हेत, ती लेखकाच्या निर्मितीचे तुकडे आहेत, असा त्या निकालाचा आशय. पुस्तक हरलं. फॅन विकीच्या प्रत्येक संपादकाने हा निकाल मनात ठेवावा असं मला वाटतं, कारण आपल्या विकीवरची जवळजवळ सगळी 'माहिती' याच जातीची असते.

मग फॅन विकी चालतात कसे? त्यासाठी एक गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकवणारं प्रकरण हेच.

स्टीव्ह व्हँडर आर्क हे अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले शाळेचे ग्रंथपाल. हॅरी पॉटरच्या कादंबऱ्यांतली पात्रं, मंत्र, प्राणी, जागा, वस्तू यांच्या नोंदी ते करत गेले आणि २००० साली त्यांनी 'हॅरी पॉटर लेक्सिकॉन' हे संकेतस्थळ उभं केलं. ते विकी नव्हतं, म्हणजे कुणीही येऊन संपादन करावं असं नव्हतं. पण काम तेच होतं, चाहत्यांनी चाहत्यांसाठी केलेला कोश. लेखिका जे. के. रोलिंग यांनी २००४ साली आपल्या संकेतस्थळावरून त्याला चाहत्यांच्या साइटसाठीचा पुरस्कार दिला. लिहायला बाहेर बसलेली असताना एखादा तपशील अडला तर आपण इंटरनेट कॅफेत शिरून ही साइट पाहतो, असंही त्यांनी सांगितलं होतं. चाहत्याला याहून मोठी पावती काय हवी?

२००७ साली मिशिगनमधल्याच आरडीआर बुक्स या छोट्या प्रकाशन संस्थेने या कोशाचं छापील पुस्तक काढायचं ठरवलं. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स यांनी न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. सात वर्षं चाललेल्या साइटबद्दल तक्रार नव्हती, पुस्तकाबद्दल होती. २००८ च्या एप्रिलमध्ये सुनावणी झाली आणि ८ सप्टेंबर २००८ रोजी न्यायाधीश रॉबर्ट पॅटरसन यांनी निकाल दिला. पुस्तकावर बंदी आली. भरपाई ६,७५० डॉलर. सात कादंबऱ्या आणि दोन जोडपुस्तकं अशा नऊ कृतींसाठी प्रत्येकी ७५० डॉलर, म्हणजे अशा भरपाईसाठी कायद्यात ठरवलेली नेहमीची किमान रक्कम.

बातम्यांत 'रोलिंग जिंकल्या' एवढंच आलं. निकाल वाचला तर चित्र वेगळं दिसतं. न्यायाधीशांनी प्रकाशकाचे काही महत्त्वाचे मुद्दे मान्य केले. कादंबरी गोष्ट सांगायला लिहिलेली असते, कोश तपशील शोधायला. हेतू बदलला, वापर नवा झाला, हे त्यांनी मानलं. आपल्या कृतीवर दुसऱ्या कुणी संदर्भग्रंथ काढूच नये, असा हक्क लेखकाला नाही, हेही सांगितलं. रोलिंग यांना स्वतःचा कोश काढायचा होता आणि या पुस्तकाने त्याची बाजारपेठ जाईल, हा युक्तिवाद त्यांनी स्वीकारला नाही, कारण संदर्भग्रंथांची बाजारपेठ एकट्या मूळ लेखकाची नसते.

मग पुस्तक हरलं कशावर? शब्दांवर. नोंदींमध्ये रोलिंग यांची वर्णनं, त्यांच्या उपमा, त्यांची वाक्यं जागोजागी जशीच्या तशी आली होती, कित्येक ठिकाणी अवतरणचिन्हांशिवाय. सगळ्यात जास्त फटका बसला तो दोन छोट्या जोडपुस्तकांमुळे. ती मुळातच कोशासारखी लिहिलेली. त्यांतल्या नोंदी लेक्सिकॉनने इतक्या उचलल्या होत्या की लेक्सिकॉन घेतल्यावर ती पुस्तकं घ्यायचं कारणच उरलं नसतं. गोष्टीचं पुस्तक कोशात घातलं तर हेतू बदलतो. कोश कोशात घातला तर काय बदलतं?

व्हँडर आर्क यांनी मजकूर पुन्हा लिहिला. अवतरणं कमी केली, स्वतःचं विवेचन वाढवलं. जानेवारी २००९ मध्ये त्याच प्रकाशकाकडून तो कोश पुस्तकरूपाने बाहेर आला.

अमेरिकेतला फेअर यूज, म्हणजे मालकाला न विचारता केलेला पण कायद्याला मान्य असलेला वापर, नेमका काय, ते या गोष्टीत सगळं आलं आहे. ही कल्पना १८४१ सालच्या एका खटल्यातली. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्रांची शेकडो पानं कुणीतरी दुसऱ्याच्या संचातून उचलून नवं चरित्र केलं होतं, तेव्हा न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी योग्य वापर कसा ओळखायचा याचे निकष मांडले. १९७६ च्या अमेरिकी कायद्यात ते कलम १०७ म्हणून आले. न्यायालय चार गोष्टी तोलतं. वापर कशासाठी केला आणि त्यात काही नवं केलं का. मूळ कृती कशा प्रकारची आहे, कारण बातमीपेक्षा कादंबरीला जास्त संरक्षण मिळतं. किती घेतलं, आणि घेतलेला भाग मूळ कृतीचा गाभा आहे का. शेवटी, या वापरामुळे मूळ कृतीच्या बाजाराचं नुकसान होतं का. यांतल्या कुठल्याही एकावर निकाल लागत नाही, चारही एकत्र पाहतात. म्हणून 'दहा टक्क्यांपर्यंत चालतं', 'तीस सेकंदांची क्लिप चालते' असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं ते कायद्यात कुठेही नाही.

आणखी दोन समजुती इतक्या पसरल्या आहेत की त्यांच्यावर बोलायला हवं. 'आम्ही पैसे घेत नाही' हे पहिल्या निकषात उपयोगी पडतं, पण तेवढ्याने सुटका नाही. शिवाय तुम्ही पैसे घेत नसलात तरी ज्या कंपनीच्या सर्व्हरवर तुमचा विकी आहे ती पानापानावर जाहिराती लावून घेतच असते. दुसरी समजूत, 'खाली श्रेय दिलंय.' श्रेय देणं सभ्यपणा आहे आणि द्यावंच. पण परवानगी ही वेगळी गोष्ट. शेजाऱ्याची सायकल न विचारता नेली आणि तिच्यावर शेजाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावली, तरी सायकल न विचारताच नेलेली असते.

आता भारतातलं. आपल्याकडे फेअर यूज नाही, फेअर डीलिंग आहे, आणि फरक नुसत्या नावाचा नाही. अमेरिकेचा दरवाजा उघडा आहे, कुठलाही हेतू आत येऊ शकतो, मग तोलायचं. आपल्या १९५७ च्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये यादी आहे. संशोधनासह खाजगी वापर, त्या कृतीची किंवा दुसऱ्या कृतीची समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन हे त्यातले मुख्य हेतू, शिवाय शिक्षणासारख्या इतर काही तरतुदी. याच कलमातल्या शिक्षणाच्या तरतुदीवर २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानाला अभ्यासक्रमाची पुस्तकं कॉपी करून देऊ दिली होती. तुमचा वापर यादीत बसला, की मग तो वाजवी आहे का ते पाहायचं. १९९६ च्या एका खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने त्यासाठी तीन गोष्टी पाहिल्या. टीकेच्या मानाने किती उचललं, कशासाठी उचललं, आणि मूळ कृतीशी स्पर्धा होईल का. एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं प्रतिनाटक होतं ते, आणि न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला.

फॅन विकी या यादीत कुठे बसतो? ओढूनताणून बसवायचा तर 'समीक्षा' या शब्दात. म्हणजे भारतातून, भारतीय मालिकेवर विकी लिहिणाऱ्यासाठी 'समीक्षा दिसली पाहिजे' हा नियम अमेरिकन संपादकापेक्षा जास्त कडक आहे. विकीच्या मदत पानांवर फेअर यूजची इंग्रजी सूचना जशीच्या तशी ठेवून आपण सुरक्षित आहोत असं मानणाऱ्या भारतीय संपादकांना मी हे नेहमी सांगते. सर्व्हर अमेरिकेत असला तरी मालिकेचा निर्माता मुंबईत आणि तुम्ही कोल्हापुरात असाल, तर कलम ५२ तुमच्या दाराशीच आहे.

जुन्या साहित्याची मात्र काळजी नको. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून सगळ्यांचं झालं. त्यावर विकी करा, पानंच्या पानं उद्धृत करा, कुणाला विचारायला नको. चित्रपटाची ६० वर्षं प्रदर्शनानंतर मोजली जातात.

आता मांडणीकडे येते. मांडणी म्हणजे सजावट, असं मी आधी समजत होते. कॉपीराइटच्या बाजूने पाहिलं की कळतं, चार निकषांपैकी तीन तर पानाच्या मांडणीतच ठरतात.

गॅलरी घ्या. एका ओळीत चाळीस स्क्रीनशॉट, खाली मजकूर नाही. हे काय म्हणतं? 'बघा, किती छान दृश्यं आहेत.' म्हणजे ज्यासाठी मूळ निर्मात्याने ती दृश्यं केली त्याचसाठी आपण ती दाखवतो. आता त्यातलंच एक चित्र उचलून मजकुरात ठेवा, जिथे लिहिलंय की तिसऱ्या पर्वापासून या पात्राचे कपडे गडद झाले आणि त्याच भागात त्याचं घर सुटलं. चित्र तेच. पण आता ते पुरावा म्हणून उभं आहे, त्याच्याबद्दल काहीतरी बोललं जातंय. न्यायालयाच्या नजरेत या दोन वापरांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

चित्राचा आकारही तसाच. लेस्ली केली या छायाचित्रकाराने एका चित्रशोध यंत्रावर दावा केला होता. अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २००३ च्या निकालात लहान, कमी स्पष्टतेची थंबनेल्स फेअर यूज मानली, कारण शोधायला ती पुरतात पण भिंतीवर लावायला कुणी वापरणार नाही. मीडियाविकी पानावर चित्र लहानच दाखवतो, पण त्यावर टिचकी मारली की मागे मूळ संचिका पूर्ण आकारात उघडते. त्यामुळे चित्र चढवतानाच लहान करायला हवं. पानावर लहान दिसतंय यावर समाधान मानून चालत नाही. हा तपशील फार जण विसरतात.

इंग्रजी विकिपीडियाचे नियम या बाबतीत कायद्याहून कडक आहेत, आणि छोट्या विकीने ते अभ्यासावेत असे आहेत. मुक्त पर्याय मिळण्यासारखा असेल तर मालकीचं चित्र नाही. चित्र कमी रिझोल्यूशनचं. ज्या ज्या लेखात वापरणार त्या प्रत्येकासाठी, इथे हे का लागतं, याचं वेगळं कारण संचिकेच्या पानावर लिहिलेलं. हयात माणसाचा मालकीचा फोटो जवळजवळ कधीच नाही, कारण तो माणूस जिवंत आहे तोवर कुणीतरी नवा फोटो काढून मुक्त करू शकतं. विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाला चित्रं पुरवणारं भांडार, तर फेअर यूज अजिबात मानत नाही. तिथे फक्त मुक्त चित्रं. म्हणूनच हिंदी-मराठी नटनट्यांच्या विकिपीडिया पानांवर चित्रपटातली छबी न दिसता एखाद्या पार्टीतला किंवा प्रीमियरच्या लाल गालिच्यावरचा फोटो दिसतो. त्यांतले पुष्कळ फोटो बॉलीवूड हंगामा या संकेतस्थळाने मुक्त परवान्याखाली दिलेले आहेत, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या छायाचित्रकारांनी कार्यक्रमांत आणि सेटवर काढलेलेच. पोस्टर आणि चित्रपटातली दृश्यं त्यात येत नाहीत.

संवादांची पानं ही आणखी एक दुखरी जागा. पात्राच्या पानाच्या माथ्यावर एक संवाद शोभतो. 'गाजलेले संवाद' या नावाखाली दोनशे संवादांचं पान केलं की तो पटकथेचाच काढा होतो. गाण्यांचे पूर्ण शब्द लावणं तर त्याहून वाईट, कारण गाणं ही स्वतंत्र कृती आहे. दोन ओळी घेतल्या तर एक तुकडा घेतला, सगळे शब्द घेतले तर कृतीच घेतली.

लोगो आणि नाव यांचा प्रश्न कॉपीराइटपेक्षा ट्रेडमार्कचा. ही साइट कंपनीचीच आहे असा समज होऊ नये, एवढं तिथे पाहायचं. मालिकेचं नाव विषय म्हणून वापरता येतं. तिचाच लोगो माथ्यावर लावून खाली 'अधिकृत'सारखं काही लिहिणं बरं नव्हे. स्वतःचं चिन्ह काढा, आणि हा चाहत्यांचा विकी आहे असं मुखपृष्ठावरच लिहा.

आता तळाच्या त्या बारीक ओळीकडे. बहुतेक फॅन विकींवर ती सांगते की इथला मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए परवान्याखाली आहे. अर्थ सोपा आहे. कुणीही घ्या, बदला, विकासुद्धा, पण लिहिणाऱ्यांचं श्रेय द्या आणि तुमचा बदललेला मजकूर याच अटींवर इतरांना द्या. 'जतन करा' हे बटण दाबताना प्रत्येक संपादक यावर सही करतो, आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. उद्या भांडण होऊन मी विकी सोडला तरी माझे परिच्छेद तिथेच राहतील. आणि पूर्ण समूहाने विकी सोडला, तर सगळा मजकूर उचलून दुसरीकडे तोच विकी नव्याने उभा करता येईल. याला विकीवाले 'फोर्क' म्हणतात.

मांडणीमुळे फोर्क झाल्याचं ठळक उदाहरण वॉरक्राफ्ट या संगणकावरच्या खेळाच्या 'वाउविकी'चं. जिमी वेल्स आणि अँजेला बीस्ली यांनी २००४ साली सुरू केलेल्या आणि पुढे विकिया, मग फॅन्डम झालेल्या कंपनीने २०१० साली सगळ्या विकींवर नवी मांडणी आणली. मजकुराचा स्तंभ ठरावीक अरुंद रुंदीचा, बाजूला जाहिराती. खेळांच्या विकीवर दहा-बारा स्तंभांचे तक्ते असतात. शस्त्रं, किमती, ताकद हे सगळं त्यांतच पाहायचं असतं, आणि ते तक्ते मोडले. वाउविकीचे संपादक मोठ्या संख्येने उठले, मजकूर घेतला आणि कर्स या कंपनीकडे 'वाउपीडिया' नावाने गेले. आठ वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, फॅन्डमने कर्सचा तो विभागच विकत घेतला, आणि ज्या घरातून निघाले होते त्याच घरात ते संपादक परत आले. २०२३ साली ते पुन्हा उठले आणि 'वॉरक्राफ्ट विकी' या नावाने विकी डॉट जीजी या दुसऱ्या ठिकाणी गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये माइनक्राफ्ट या खेळाचा विकीही फॅन्डम सोडून वियर्ड ग्लूप या संस्थेकडे गेला. ही संस्था २०१८ मध्ये स्वतः असाच विकी घेऊन बाहेर पडलेल्या, रूनस्केप या खेळाच्या संपादकांची.

दोनदा घर सोडूनही जवळजवळ एकोणीस वर्षांचं लेखन वॉरक्राफ्टच्या संपादकांबरोबर जाऊ शकलं, ते त्या तळाच्या ओळीमुळे. पण जुना विकी बंद होत नाही, कारण मजकूर कंपनीकडेही त्याच परवान्याने राहतो. गूगलवर जुनंच पान वर येत राहतं, आणि नव्या घरी वाचक यायला वेळ लागतो. मला हे पाहून वाईट वाटतं, पण परवान्याचा अर्थच तो आहे. जो दरवाजा आपल्याला बाहेर पडू देतो तो त्यांनाही मजकूर ठेवू देतो.

सगळेच विकी हा परवाना वापरत नाहीत. स्टार ट्रेकचा 'मेमरी अल्फा' आणि पोकेमॉनचा 'बल्बापीडिया' यांनी व्यापारी वापराला मनाई करणारे परवाने निवडले. कष्टाने लिहिलेलं कुणी विकू नये, ही भावना मला पूर्ण पटते. परिणाम असा की त्यांचा मजकूर बीवाय-एसए विकीवर आणता येत नाही, कारण तिथे विकायची मुभा आहे. परवाने जुळत नसतील तर दोन विकींत मजकुराची देवाणघेवाण अडते. नवा विकी काढणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी हे ठरवावं, कारण हजार लोकांनी लिहून झाल्यावर परवाना बदलायचा तर हजार जणांची संमती हवी.

आणि चित्रं? तळाची ओळ चित्रांना लागू नसते. मालिकेच्या फोटोवर संपादक परवाना देऊच शकत नाही, तो त्याचा नाहीच. मीडियाविकीतून मजकूर निर्यात केला की पानं आणि त्यांचा इतिहास येतो, चित्रांच्या संचिका येत नाहीत. त्या वेगळ्या उचलाव्या लागतात, आणि उचलताना प्रत्येकीबद्दल पुन्हा विचारावं लागतं की ही इथे का हवी. फोर्कच्या वेळी समूहाची खरी परीक्षा इथे होते.

नोटीस आलीच तर काय होतं, तेही थोडक्यात सांगते. अमेरिकेत १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याने होस्ट कंपनीला, म्हणजे जिच्या सर्व्हरवर विकी आहे तिला, संरक्षण मिळतं, पण तक्रार आली की मजकूर पटकन काढायची अट आहे. मजकूर चढवणारा उलट नोटीस देऊ शकतो. भारतात लेखी तक्रारीनंतर ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो परत सुरू करता येतो. विकीवर याचा अर्थ एवढाच की तक्रार पाहणारा एक प्रचालक आणि एक ईमेल पत्ता असावा, आणि तो पत्ता मुखपृष्ठावरून सापडावा.

आमच्या विकीचं पुढे काय झालं, ते सांगते. हलवताना आम्ही बाराशे स्क्रीनशॉट मागे सोडले. दीडेकशे नेले, प्रत्येकाखाली एक वाक्य लिहून. चिकटवलेले सारांश काढले आणि भाग पुन्हा पाहून आमच्या शब्दांत लिहायला घेतले. ते काम अजून चालू आहे, तीनशे भागांपैकी साधारण निम्मे झालेत. गंमत अशी की नव्या सारांशांत, कुठल्या प्रसंगाचा धागा पुढे कुठे निघतो, कुठलं पात्र खोटं बोलतं, कुठे लेखकाकडून तारखांची चूक झाली, हे सगळं आपोआप यायला लागलं. वाहिनीच्या सारांशात ते कधीच नव्हतं. परवा एका वाचकाने चर्चा पानावर लिहिलं की दुसऱ्या पर्वातली मामांची तारीख आम्ही चुकीची धरली आहे. तो भाग पुन्हा पाहिला. वाचकाचं बरोबर होतं. पान दुरुस्त केलं.